एक पत्ता, एक नाव, एक किल्ली : विखुरलेल्या साठवणीला संगणक जोडणं सोपं कसं झालं



संगणकाच्या पाठात आपण मुलांना सांगतो की फाइल हार्ड डिस्कवर साठवली जाते. हे खरंच आहे. पण मोठ्या विद्यापीठात, प्रयोगशाळेत किंवा इंटरनेटवरच्या सेवांमध्ये एक फाइल एकाच हार्ड डिस्कवर असेल असं नसतं. तिचे तुकडे होतात आणि ते अनेक संगणकांवर ठेवले जातात. अशा व्यवस्थेला वितरित साठवण प्रणाली म्हणतात. आपण तिला साध्या मराठीत 'विखुरलेली साठवण' म्हणू.

या विषयावर वाचायला मिळतं ते बहुतेक साठवणाऱ्या संगणकांबद्दल, म्हणजे सर्व्हरबद्दल असतं. आजच्या लेखात आपण दुसऱ्या टोकाकडे बघणार आहोत. ज्या संगणकावर बसून माणूस काम करतो, त्याला 'क्लायंट' म्हणतात. हा क्लायंट त्या साठवणीला जोडायचा कसा? त्यावर काय काय भरावं लागतं? ते कमी कसं करता येतं? आणि कमी करताना कोणती गोष्ट मुळीच ढिली सोडायची नाही? आपले माजी विद्यार्थी डिप्लोमा, आयटीआय, बीसीए करून अशाच कामांवर जातात. त्यांच्या पालकांनाही "मुलगा नक्की काय करतो?" हे कळायला या लेखाचा उपयोग होईल.

उदाहरण म्हणून 'सेफ' नावाची प्रणाली घेऊ. सेज वाइल यांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत पीएचडीचं संशोधन करताना ती तयार केली. तिच्यावरचा मुख्य शोधनिबंध २००६ चा आहे. प्रणाली मुक्त आहे, म्हणजे तिचा प्रोग्राम कुणालाही विनामूल्य वापरता आणि वाचता येतो. युरोपातली 'सर्न' ही अणुसंशोधन संस्थाही ती वापरते. नावाचा 'सुरक्षित' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही. ऑक्टोपस ज्या प्राणिगटात येतो त्या 'सेफॅलोपॉड' वरून ते घेतलं आहे. म्हणूनच तिच्या आवृत्त्यांना अर्गोनॉट, नॉटिलस, ऑक्टोपस, स्क्विड अशी नावं असतात.

विखुरलेली साठवण म्हणजे काय?

समजा, वार्षिक स्नेहसंमेलनाचा १०० एमबीचा व्हिडिओ या साठवणीत ठेवला. सेफ त्याचे साधारण ४-४ एमबीचे तुकडे करते, म्हणजे २५ तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती ठेवतात, म्हणजे एकूण ७५ प्रती. एका तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगवेगळ्या सर्व्हरवर जातात. त्यामुळे एखादी हार्ड डिस्क बिघडली, इतकंच काय, अख्खा सर्व्हर बंद पडला, तरी व्हिडिओ चालूच राहतो. उरलेल्या प्रतींवरून प्रणाली स्वतःच नवी प्रत तयार करून ठेवते.

प्रत्येक हार्ड डिस्क सांभाळायला एक छोटा प्रोग्राम असतो. त्याला 'ओएसडी' म्हणतात. (मंत्रालयातले ओएसडी वेगळे!) मोठ्या ठिकाणी असे शेकडो, हजारो ओएसडी असतात. मग प्रश्न येतो की माझ्या व्हिडिओचा सतरावा तुकडा कुणाकडे आहे, हे माझ्या संगणकाला कळणार कसं?

हजेरीपट नको, नियम हवा

एक मार्ग असा की मध्यभागी एक मोठी वही ठेवायची आणि प्रत्येक तुकडा कुठे आहे ते तिच्यात लिहायचं. पण मग प्रत्येक क्लायंट दरवेळी त्या वहीपाशी येणार आणि तिथे रांग लागणार. वही हरवली तर सगळंच अडलं.

सेफने वेगळा मार्ग घेतला. वहीऐवजी नियम ठेवला. हे वर्गात करून दाखवता येतं. बारा मुलं घ्या, हजेरी क्रमांक १ ते १२. नियम सांगा : आपल्या क्रमांकाला ३ ने भागा, बाकी ० आली तर पहिला गट, १ आली तर दुसरा, २ आली तर तिसरा. आता ७ क्रमांकाची मुलगी कुठल्या गटात आहे, हे विचारायला बाईंकडे जायची गरज नाही. ज्याला नियम माहीत आहे तो स्वतःच गणित करून सांगेल : सात भागिले तीन, बाकी एक, म्हणून दुसरा गट.

आता चौथा गट वाढवा आणि ४ ने भागायला सांगा. मुलं किती हलली? फक्त १, २ आणि १२ हे क्रमांक जागेवर राहतात, बाकीचे नऊ उठून दुसरीकडे जातात. खरं तर चार गट सारखे करायला प्रत्येक जुन्या गटातून एकेक, म्हणजे तीनच मुलं हलवणं पुरेसं होतं. साठवणीत हा फरक फार महाग पडतो, कारण इथे मुलांऐवजी प्रचंड डेटा हलवावा लागतो. सेफचा नियम बाकीच्या नियमापेक्षा हुशार आहे. त्याला 'क्रश' म्हणतात. नवी डिस्क आली की जेवढं हलवणं आवश्यक आहे, जवळपास तेवढंच तो हलवतो. शिवाय एका तुकड्याच्या तिन्ही प्रती एकाच सर्व्हरवर जाणार नाहीत, हेही तो पाहतो.

याचा क्लायंटशी संबंध काय? संबंध असा की सेफमध्ये गणित क्लायंट स्वतः करतो आणि थेट योग्य ओएसडीशी बोलतो. म्हणून ही प्रणाली वेगवान आहे. आणि याच कारणाने तिचा क्लायंट तयार करणं एके काळी किचकट होतं. गणित करायचं तर त्याला नियम हवा, डिस्कांचा नकाशा हवा आणि कोण चालू, कोण बंद हेही माहीत हवं.

मॉनिटर म्हणजे पडदा नव्हे

हा नकाशा सांभाळणारे काही सर्व्हर असतात. त्यांना 'मॉनिटर' म्हणतात. इथे डोळ्यांसमोर संगणकाचा पडदा आणू नका, वर्गातला मॉनिटर आणा. कोण हजर, कोण गैरहजर हे त्याला पक्कं माहीत असतं. मात्र फाइली मॉनिटरकडे नसतात, फक्त नकाशा असतो.

मॉनिटर सहसा तीन किंवा पाच ठेवतात. विषम संख्येचं कारण मुलांनाही कळेल असं आहे. कुठलाही बदल बहुमताने ठरतो. तिघांपैकी दोघे, पाचांपैकी तिघे हजर असले की काम चालतं. चार मॉनिटर ठेवले तर बहुमताला तीन लागतात. म्हणजे चार असूनही एकच गैरहजेरी चालते. ती तर तिघांतही चालतच होती.

क्लायंट चालू झाला की तो एखाद्या मॉनिटरला गाठतो, आपली ओळख पटवतो आणि ताजा नकाशा घेतो. पुढचं गणित त्याचं तो करतो.

मग अडचण कुठे होती?

अडचण सेटिंगच्या फाइलीत होती. सुरुवातीच्या काळात प्रत्येक संगणकावर एक फाइल ठेवायची पद्धत होती. त्या फाइलीत प्रत्येक मॉनिटरचं नाव, पत्ता, नेटवर्कची माहिती, साठवणीची सेटिंगं, कधी कधी ओएसडींची माहितीसुद्धा असे. सर्व्हरसाठी लिहिलेली हीच लांबलचक फाइल उचलून क्लायंटवरही टाकली जाई.

पाच संगणक असतील तर हे चालून जातं. पण दोनशे संगणक असले आणि एक मॉनिटर बदलला, तर दोनशे ठिकाणी फाइल बदला. एखादं सेटिंग सुधारलं, तर पुन्हा दोनशे ठिकाणी. त्यात दहा राहून जातात. त्या दहांवर जुनी माहिती राहते आणि महिन्यांनी कधीतरी "याच संगणकावर का चालत नाही?" हा प्रश्न उभा राहतो. शासनाचं सुधारित परिपत्रक आलं पण दोन केंद्रांपर्यंत पोचलंच नाही, तर जे होतं तेच इथेही होतं.

सोपं कसं झालं?

उपाय टप्प्याटप्प्याने आले. सगळ्यांच्या मागे विचार एकच आहे : जी गोष्ट मॉनिटरला माहीत आहे, ती क्लायंटवर पुन्हा लिहायची नाही.

पहिला बदल : सेटिंगं एका जागी आली. २०१८ च्या 'मिमिक' आवृत्तीपासून सेटिंगं मॉनिटरकडेच साठवता येऊ लागली. क्लायंटचा प्रोग्राम चालू झाला की ती तिथून घेतो. बदल एकदाच, एका जागी करायचा. सगळ्या क्लायंटना एक सेटिंग आणि ठरावीक क्लायंटला वेगळं, असंही करता येतं.

दुसरा बदल : फाइल दोन ओळींची झाली. क्लायंटवरच्या फाइलीत आता मथळा सोडला तर कामाच्या दोनच ओळी लागतात. पहिली ओळ म्हणजे त्या साठवणीचा ओळख क्रमांक. हा आपल्या शाळेच्या यूडायस क्रमांकासारखा आहे. 'जिल्हा परिषद प्राथमिक शाळा' या नावाच्या हजारो शाळा असतील, पण ११ अंकी यूडायस क्रमांक एकीचाच असतो. साठवणीचा क्रमांक मात्र बराच लांब, अंक आणि अक्षरं मिळून ३२ चिन्हांचा असतो. दुसरी ओळ म्हणजे मॉनिटरांचे पत्ते. ही छोटी फाइल हाताने लिहावीही लागत नाही. एक आज्ञा दिली की प्रणाली स्वतःच ती तयार करून देते.

इथे एक प्रश्न येईल : एकाच मॉनिटरचा पत्ता दिला तर चालेल का? तो चालू असेल तर चालेल, कारण एकदा आत गेल्यावर बाकीच्यांचे पत्ते क्लायंटला मिळतातच. पण सुरुवातीलाच नेमका तोच बंद असेल, तर दारच उघडणार नाही. म्हणून सगळ्यांचे पत्ते द्यावेत.

तिसरा बदल : पत्तेही नकोत. इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधून देणारी 'डीएनएस' नावाची यंत्रणा असते. संस्थेच्या डीएनएसमध्ये मॉनिटरांची नोंद करून ठेवली, तर क्लायंट तिथून पत्ते शोधून काढतो. ही सोय २०१७ च्या 'क्रॅकन' आवृत्तीपासून आहे. मॉनिटर बदलला तर एका ठिकाणची नोंद बदलायची. क्लायंटला हातही लावायचा नाही.

चौथा बदल : लेबल लावलं की फाइल पोचते. २०२० च्या 'ऑक्टोपस' आवृत्तीत 'सेफॲडम' नावाचं व्यवस्थापनाचं साधन आलं. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये, त्याच्या देखरेखीखाली असलेल्या संगणकाला एक लेबल लावलं की छोटी सेटिंग फाइल आणि ठरवलेली किल्ली त्या संगणकावर आपोआप पोचते. मॉनिटर बदलले तर फाइलही आपोआप ताजी होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. क्लायंटवरच्या फाइलीत एखादं सेटिंग लिहिलेलं असेल आणि मॉनिटरकडे वेगळं असेल, तर क्लायंटवरचं चालतं. म्हणजे नवी पद्धत आणली पण जुनी लांब फाइल तशीच ठेवली, तर मध्यवर्ती बदलांचा त्या संगणकावर काही परिणाम होणार नाही, आणि तक्रारही दिसणार नाही. म्हणून नवीन दोन ओळी घालण्याइतकंच जुन्या ओळी काढणं महत्त्वाचं आहे. नव्या वर्षाचं वेळापत्रक लावताना जुनं भिंतीवरून काढावंच लागतं, तसं.

किल्लीचा प्रश्न : इथे सोपेपणा महाग पडतो

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

पत्ता कळला म्हणजे प्रवेश मिळत नाही. क्लायंटला नाव आणि त्या नावाची गुप्त किल्ली लागते. किल्ली म्हणजे अक्षरांची एक लांब ओळ. ओळख पटवताना ही किल्ली नेटवर्कवरून पाठवली जात नाही. दोन्ही बाजूंना ती माहीत आहे, हे गणिताने सिद्ध केलं जातं. त्यामुळे वाटेत कुणी ऐकत असलं तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही. इतकी चांगली सोय आहे. पण ती फुकट घालवण्याचा एक सोपा रस्ताही आहे.

साठवण उभारली की पहिली किल्ली तयार होते ती 'ॲडमिन' ची. ही मुख्य किल्ली. ती ज्याच्या हाती, तो सगळ्या फाइली वाचू शकतो, सेटिंगं बदलू शकतो, नव्या किल्ल्या बनवू शकतो आणि सगळी साठवण पुसूही शकतो. नवा क्लायंट जोडताना "परवानगी नाही" असा संदेश आला की घाईत माणूस काय करतो? हीच मुख्य किल्ली क्लायंटवर ठेवून देतो. लगेच चालतं. काम सोपं झालं असं वाटतं.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर मुख्याध्यापकांच्या कपाटाची, दाखल्यांच्या पेटीची, पोषण आहाराच्या कोठीची, सगळ्या किल्ल्यांचा जुडगा प्रत्येक वर्गाच्या खुंटीला टांगून ठेवण्यासारखं आहे हे. खडू आणायला सोपं जातं, यात शंका नाही. पण एका वर्गाची खिडकी उघडी राहिली, तर सगळी शाळाच उघडी पडते.

"पण तीन प्रती आहेत ना?" असं कुणी म्हणेल. तीन प्रती डिस्क बिघडण्यापासून वाचवतात. पुसण्याची आज्ञा मात्र तिन्ही प्रतींना लागू होते. म्हणून तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळाच ठेवावा लागतो.

योग्य पद्धतही फार अवघड नाही. प्रत्येक क्लायंटला, निदान प्रत्येक गटाला, वेगळं नाव आणि वेगळी किल्ली द्यायची. त्या किल्लीला फक्त तिच्या फोल्डरापुरता अधिकार द्यायचा. कुणाला फक्त वाचण्याचा, कुणाला वाचण्या-लिहिण्याचा. सेफमध्ये यासाठी एकच आज्ञा आहे : या नावाला या फोल्डरावर हा अधिकार दे. तिच्यातून किल्ली तयार होऊन मिळते. म्हणजे मुख्य किल्ली वाटण्यापेक्षा फार तर दोन मिनिटं जास्त लागतात.

या दोन मिनिटांची किंमत कळते ती एखादा लॅपटॉप चोरीला गेल्यावर. त्याची किल्ली वेगळी असेल, तर तेवढी एक रद्द करायची. बाकीच्यांचं काम चालू राहतं. सगळ्यांना एकच किल्ली दिली असेल, तर ती बदलायला प्रत्येक संगणकापाशी जावं लागतं, आणि तोवर चोराकडेही ती चालू असते. एक बारकावा : किल्ली रद्द केली तरी आधीपासून चालू असलेली जोडणी त्याच क्षणी तुटेल असं नाही. ती तोडायला वेगळी आज्ञा द्यावी लागते.

प्रत्यक्ष जोडणीच्या पायऱ्या

लिनक्स असलेला संगणक जोडताना कामं या क्रमाने होतात :

१. सर्व्हरच्या बाजूला आधी त्या क्लायंटचं नाव ठरवून त्याच्या फोल्डरापुरती किल्ली बनवायची.

२. क्लायंटवर 'सेफ-कॉमन' नावाचं एकच पॅकेज बसवायचं. सर्व्हरची पॅकेजेस लागत नाहीत.

३. दोन ओळींची सेटिंग फाइल ठरलेल्या फोल्डरात ठेवायची.

४. किल्लीची फाइल तिथेच ठेवायची, पण ती फक्त त्या संगणकाच्या व्यवस्थापकालाच वाचता येईल अशी. ही पायरी पुष्कळदा राहून जाते. मग त्या संगणकावर बसणारा कुणीही किल्ली वाचू शकतो.

५. साठवण एका रिकाम्या फोल्डराला जोडायची. सेटिंग फाइल आणि किल्ली जागच्या जागी असतील, तर पत्ते किंवा किल्ली पुन्हा टाइप करावी लागत नाही. नाव सांगितलं की पुरे.

६. संगणक पुन्हा चालू झाल्यावर जोडणी आपोआप व्हावी म्हणून कायमची नोंद करायची. त्या नोंदीत "आधी नेटवर्क येऊ दे" ही सूचना हवी. नाहीतर नेटवर्क यायच्या आधीच संगणक साठवण शोधत बसतो.

आणि शेवटी तपासणी. एका क्लायंटवर फाइल लिहायची, ती दुसऱ्यावर दिसते का ते पाहायचं. एवढ्यावर बहुतेकजण थांबतात. पण आणखी एक तपासणी करावी : ज्या फोल्डराचा अधिकार दिलेला नाही, तिथे लिहून पाहायचं. नकार मिळायला हवा. नकार मिळाला तरच जोडणी बरोबर झाली असं म्हणायचं.

जोडणी अडलीच, तर तीन गोष्टी आधी पाहाव्यात.

पहिली, नेटवर्कची दारं. मॉनिटर ३३०० आणि ६७८९ या क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतात. पण क्लायंट ओएसडींशीही थेट बोलतो, आणि त्यांची पोर्टं ६८०० पासून पुढे असतात. फक्त मॉनिटरपर्यंतचा रस्ता उघडला तर ओळख पटते, पण फाइल वाचताना संगणक अडकून बसतो. "लॉगिन होतंय पण चालत नाही" या तक्रारीचं हे नेहमीचं कारण.

दुसरी, घड्याळ. ओळख पटवल्यावर मिळणारा परवाना ठरावीक वेळेपुरता असतो. संगणकाचं घड्याळ फार पुढेमागे असेल तर परवान्यात गोंधळ होतो. मॉनिटरांच्या आपसातल्या घड्याळांत तर ०.०५ सेकंदांहून जास्त फरक पडला तरी प्रणाली इशारा देते.

तिसरी, आवृत्ती. सर्व्हर नवा आणि क्लायंट फार जुना असेल, तर नव्या नकाशाची भाषा त्याला समजत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकावरून शिकलेल्या मुलाला आजची प्रश्नपत्रिका दिल्यासारखं होतं.

क्लायंटवर काहीच नको असेल तर?

आणखी सोपा मार्गही आहे. मध्ये एक 'गेटवे' ठेवायचा. गेटवे हा सेफचा पूर्ण क्लायंट असतो, आणि बाकीचे संगणक त्याच्याशी त्यांना आधीपासून येणाऱ्या भाषेत बोलतात. विंडोजचे संगणक त्याला नेहमीचं शेअर केलेलं फोल्डर समजून वापरतात. वेबसाइट आणि ॲप इंटरनेटच्या पद्धतीने फाइल टाकतात आणि घेतात. त्यांना मॉनिटर, नकाशा, नियम यातलं काहीच माहीत असावं लागत नाही.

पण याची किंमत आहे. क्लायंट थेट शेकडो डिस्कांशी बोलत होता, तो आता एका दारातून जाणार. दारावर गर्दी झाली की सगळेच थांबणार, दार बंद पडलं की सगळेच अडणार. म्हणून मोठ्या ठिकाणी गेटवे एकापेक्षा जास्त ठेवतात. जिथे भरपूर आणि वेगवान काम आहे तिथे थेट क्लायंट, आणि जिथे नुसत्या साध्या फाइली उघडायच्या आहेत तिथे गेटवे, अशी विभागणी बरी पडते.

आपल्या शाळेत आणि घरी याचं काय?

स्पष्टच सांगते, आपल्या प्राथमिक शाळेला सेफ लागत नाही. दहा-पंधरा संगणकांच्या खोलीला एक शेअर केलेलं फोल्डर आणि त्याचा नियमित बॅकअप पुरतो. तीन सर्व्हर आणि ते सांभाळणारं माणूस, हा खर्च आपल्या गरजेपेक्षा मोठा आहे.

पण यातला विचार मात्र आपल्या रोजच्या कामाचा आहे. मोबाइलवर ड्राइव्ह उघडताना आपण काय देतो? नाव आणि पासवर्ड. पत्ता ॲपला आधीच माहीत असतो. फोटो कुठल्या देशातल्या कुठल्या डिस्कवर आहे, हे आपल्याला विचारलं जात नाही. ही सोय मागच्या बाजूला कुणीतरी विचारपूर्वक करून ठेवलेली असते.

आणि किल्लीची गोष्ट तर घराघरातली आहे. मुलाला अभ्यासासाठी टॅब देताना बरेच पालक स्वतःचंच खातं त्यावर चालू करून देतात, कारण ते सोपं. त्या खात्यात मेल असतात, फोटो असतात, कधी पैशांचे व्यवहारही जोडलेले असतात. मुलासाठी वेगळं, मर्यादित खातं करायला थोडा वेळ लागतो. पण टॅब हरवला किंवा मुलाने भलतंच काही दाबलं, तर नुकसान तेवढ्यापुरतंच राहतं. शाळेतही ऑनलाइन माहिती भरायचा शाळेचा पासवर्ड फळ्यामागच्या कागदावर लिहून ठेवलेला असतो. वेगळी खाती करण्याची सोय असेल तिथे ती करून घ्यावी.

थोडक्यात

विखुरलेल्या साठवणीत क्लायंटला तीनच गोष्टी माहीत असाव्यात : कुणाकडे जायचं तो पत्ता, आपलं नाव आणि आपल्यापुरती किल्ली. बाकी सगळं त्याने मॉनिटरला विचारून घ्यावं. पत्ते आणि सेटिंगं जितकी कमी करता येतील तितकी करावीत. किल्लीचे अधिकारही जितके कमी करता येतील तितके करावेत. मात्र किल्ल्यांची संख्या कमी करू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

१. १ ते १२ क्रमांकांच्या मुलांचा खेळ वर दिला आहे तसा घ्या. तीन गटांचे चार करताना कमीत कमी किती मुलं हलवावी लागतील, हे मुलांनाच शोधू द्या. (तिसरी-चौथीसाठी भागाकार आणि बाकीचा सराव होतो.)

२. पाच मॉनिटर निवडा. किती गैरहजर असले तरी बहुमत होतं? सहा केले तर फरक पडतो का? मुलांना हात वर करून तपासू द्या.

३. शाळेतल्या किल्ल्यांची यादी करा : कुठली किल्ली कुणाकडे असावी आणि का? यातून परवानगी आणि जबाबदारी यांवर छान चर्चा होते.

उपक्रम घेतलात तर मुलांनी काय उत्तरं दिली ते जरूर कळवा. पुढच्या पाठात बॅकअप म्हणजे काय आणि तो किती ठिकाणी ठेवावा, हे पाहू.